वापरलेला दूरचित्रवाणी-संच : घ्यावा कीं न घ्यावा?

घरांत एखादी मोठी वस्तु आणावयाची म्हणजे पूर्वींच्या काळीं तो एक लहानसा समारंभच असे. शिवणाचें यंत्र असो, रेडिओ असो कीं विजेचा पंखा असो. आठ-आठ दिवस आधीं त्याची चर्चा चाले, वडील मंडळींचा रुकार मिळे, आणि मग चांगला दिवस पाहून ती वस्तु घरांत येई व तिला हळदकुंकू वाहिलें जाई. मात्र ती वस्तु कोरी करकरीत असली पाहिजे, असा एक संकेत आपल्यांत ठरून गेलेला आहे. दुसऱ्यानें वापरलेली वस्तु विकत घेणें म्हणजे कांहीं तरी कमीपणा, अशी भावना पुष्कळ सुशिक्षित घरांतून अजूनहि आढळते. वास्तविक पाहतां हा नियम आपण सर्वत्र पाळतों असें नाहीं. अप्पा बळवंत चौकांत जाऊन मुलांसाठीं जुनीं पाठ्यपुस्तकें आणण्यांत पुण्यांतील सुशिक्षित घरांना कधीं लाज वाटली नाहीं. उलट तें काटकसरीचें लक्षण समजलें गेलें. थोरल्या भावाची सायकल धाकट्याकडे, आणि थोरल्या जावेच्या बाळाचा पाळणा धाकट्या जावेकडे, हा तर एकत्र कुटुंबाचा रिवाजच होय. मग भिंतीवरचा दूरचित्रवाणी-संच तेवढा नवाच कां असावा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि कर्वेनगरासारख्या वस्तींतील अनेक घरांतून हल्लीं तो विचारला जाऊं लागलाहि आहे.

जुना माल आणि नवा बाजार

कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं शहरापासून दूरच्या या निर्जन जागेंत आला, आणि एका साध्या झोपडींत त्याचा संसार सुरू झाला. त्या झोपडीभोंवतीं पुढें शाळा, वसतिगृहें व महाविद्यालयें उभीं राहिलीं. १९९१ सालीं मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालयहि निघालें. वनदेवीच्या टेकडीपासून राजाराम पुलापर्यंत इमारतींची दाटी झाली. आज या वस्तींत दोन तऱ्हेचीं बिऱ्हाडें शेजारीं शेजारीं नांदतात. एक, पिढ्यान् पिढ्या पुण्यांत राहिलेलीं कुटुंबें. आणि दुसरीं, शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं चार-पांच वर्षांपुरतीं आलेल्या तरुण मंडळींचीं. या दुसऱ्या बिऱ्हाडांचें सामान कायमचें नसतें. परीक्षा संपली, बदलीचा हुकूम आला, परदेशीं जाण्याचा योग आला, कीं कपाट, धुलाईयंत्र आणि दूरचित्रवाणी-संच यांना गिऱ्हाईक शोधावें लागतें.

जुन्या वस्तूंचा बाजार पुण्याला नवीन नाहीं. बुधवारीं व रविवारीं भरणारा जुना बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींचा स्तंभहि आपल्या वडिलांनीं भिंगांतून वाचलेला आहे. परंतु ओ. एल. एक्स. ही संस्था २००६ सालीं व क्विकर ही २००८ सालीं निघाल्यापासून, आणि पुढें फेसबुकनेंहि असाच बाजार उघडल्यापासून, या छोट्या जाहिराती मोबाइलच्या पडद्यावर आल्या. आतां ओळीमागें दर नाहीं, छायाचित्र हवें तेवढें मोठें, आणि वस्तु आपल्या घरापासून किती अंतरावर आहे तेंहि लगेच कळतें. सोय वाढली, पण जुन्या बाजारांत वस्तु आधीं हातांत येई आणि मग पैसे द्यावे लागत, तो क्रम येथें उलटण्याचा संभव असतो. सारा धोका या एका गोष्टींत सांठविलेला आहे, हें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

मागच्या संचांची गोष्ट निराळी

आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं सिंहगडावरील सहक्षेपणामुळें पुणेकरांच्या घरांतून हलतीं चित्रें दिसूं लागलीं. १९८२ सालीं, आशियाई क्रीडासामन्यांच्या वर्षीं, त्यांत रंग आले. ३१ मार्च २०१३ ही मुदत घालून पुण्यांतील केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करण्यांत आला. या सर्व काळांत घरोघरीं जो जाडजूड, काचेच्या नळीचा संच होता, तो बिघडला तर गल्लींतील कारागीर येऊन तो उघडी, तपकीर गल्लींतून एखादा भाग आणी, आणि संच पुन्हां चार वर्षें चाले.

आजच्या सपाट संचाची प्रकृति अगदीं वेगळी आहे. त्याचा पडदा, ज्याला कारागीर ‘पॅनेल’ म्हणतात, तोच संचाचा प्राण होय. विद्युत्पुरवठ्याची पाटी बदलतां येते, पडद्यामागील दिव्यांच्या पट्ट्या बदलतां येतात, आवाजाची कर्णीं नवीं घालतां येतात. पण पडदा गेला तर नवा पडदा बसविण्याचा खर्च पुष्कळदां नव्या संचाच्या आसपास जातो. म्हणून वापरलेला संच घेतांना बाकीच्या गोष्टी दुय्यम; पडद्याची परीक्षा ही पहिली.

हाय डेफिनिशन म्हणजे किती?

जाहिरातींत ‘एच. डी.’ हीं दोन अक्षरें वाटेल त्या संचाला लाविलेलीं असतात. त्यांचा अर्थ समजून घेतला तर निम्मी दिशाभूल टळते. चित्र हें बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. जुन्या पद्धतीच्या साध्या चित्रांत आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे सुमारें ४ लक्ष १५ हजार ठिपके धरले जात. ‘एच. डी. रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या संचांत साधारणतः ७२० ओळींचें, म्हणजे ९ लक्ष २१ हजार ठिपक्यांचें चित्र स्पष्ट दिसतें. ‘फुल एच. डी.’ मध्यें १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ठिपके असतात. आणि ‘फोर-के’ मध्यें त्याच्या चौपट, म्हणजे सुमारें ८३ लक्ष.

आंकडे मोठे, म्हणून चित्र चांगलें, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु डोळ्यालाहि मर्यादा आहे. निरोगी दृष्टीच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहींत. या नियमानें हिशेब केला तर फुल एच. डी. पडद्याच्या उंचीच्या सुमारें सव्वातीन पटींहून दूर बसणाऱ्याला त्यांतील ठिपके वेगळे ओळखतां येत नाहींत, आणि म्हणून फोर-केचा जादा तपशीलहि दिसत नाहीं. ४३ इंची संचाचा पडदा साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे पावणेसहा फुटांपलीकडे बसणाऱ्यास फुल एच. डी. पुरेसा झाला. ३२ इंची संच असेल तर सव्वासहा फुटांपलीकडून एच. डी. रेडी संचहि तितकाच स्पष्ट भासतो. आपल्या सदनिकांच्या दिवाणखान्यांत कोच भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर असतो. तेव्हां जुना फोर-के संच केवळ त्या नांवासाठीं महाग घेण्यांत हंशील नाहीं. टेप घेऊन घरांतील अंतर मोजावें आणि मगच जाहिरात उघडावी.

याच अनुषंगानें आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. संच उत्तम आणला, पण सेट-टॉप बॉक्स जुना साधा राहिला, तर चित्र साधेंच दिसणार. नदीला पाणीच नसेल तर घाट कितीहि सुंदर बांधला तरी काय उपयोग? एच. डी. चा बॉक्स, तसल्या वाहिन्या, आणि दोहोंस जोडणारी एच. डी. एम. आय. ची तार, हीं तिन्ही असतील तेव्हांच संचाचें चीज होतें. हा खर्च हिशेबांत आधींच धरावा.

एका कुटुंबाची हकीकत

आमच्या परिचयाचें कर्वेनगरांतील आठ माणसांचें एक कुटुंब आहे. लगतच्या दोन सदनिका जोडून दोन भाऊ, त्यांच्या स्त्रिया, दोन मुलें आणि वृद्ध आईवडील एकत्र राहतात. घरांतील दहा वर्षांचा संच एके दिवशीं कायमचा मिटला. धाकट्या चिरंजिवांच्या मनांत ५५ इंची फोर-के संच हप्त्यांवर आणावयाचा होता. वडिलांनीं, घरांत सर्व त्यांना अण्णा म्हणतात, मान हलविली नाहीं.

“औषधाला कर्ज काढावें लागलें तर काढावें,” ते म्हणाले, “करमणुकीला काढूं नये.”

“पण अण्णा, तुम्हांलाच धावफलक वाचतां येत नाहीं,” धाकटे म्हणाले. “दर षटकाला आम्हांला विचारावें लागतें तुम्हांला.”

हें खरें होतें. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अण्णांना ३२ इंची पडद्यावरील बारीक अक्षरें नऊ फुटांवरून दिसत नसत. आणि वारंवार विचारावें लागतें म्हणून अलीकडे ते सामन्याच्या वेळीं उठून आपल्या खोलींत जाऊन बसत. प्रश्न दिसावयास संचाचा होता. खरा तो म्हातारा माणूस दिवाणखान्यांत बसतो कीं उठून जातो याचा होता.

थोरल्या सूनबाई घरचा जमाखर्च ठेवतात. त्यांनीं वहींत असा हिशेब मांडला : ४३ इंची फुल एच. डी. नवा संच त्यांनीं चौकशी केलेल्या दुकानांत २२ हजारांस पडत होता. तो आठ वर्षें चालला असें धरलें, तर वर्षाचा खर्च २,७५०. आतां तसलाच चार वर्षें वापरलेला संच घेतला आणि तो आणखी चारच वर्षें चालला, तर याच दरानें त्याचें मोल ११ हजार होतें. त्यांतून टेंपोचे व भिंतीवर बसविण्याचे १,२०० वजा घातले, कीं राहिले ९,८००. याच्या वर गेलें तर जुना घेण्यांत फायदा नाहीं; कारण नव्याबरोबर वर्षभराची हमी मिळते, ती जुन्याला बहुधा नसते. “मूळ किंमत काय होती तें विकणारा सांगेल,” त्या म्हणाल्या, “आपण आजची किंमत पाहायची.”

हा विचार अत्यंत योग्य होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील संचांवरचा वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर धरण्यापूर्वीं ज्या संचाची किंमत २० हजार, तो पूर्वीं २५,६०० स पडे, आतां २३,६०० स पडतो. म्हणजे त्यापूर्वींच्या बिलावरील आंकडा दाखवून जो ‘अर्ध्या किंमतींत देतों’ म्हणतो, तो वस्तुतः अर्ध्या किंमतींत देत नसतो.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीनें जाहिराती शोधल्या. पहिला संच पाहण्याचा प्रसंगच आला नाहीं. किंमत निम्म्याहून कमी होती, आणि विकणारा ‘आपण सैन्यांत आहों, तातडीनें बदली झाली, आगाऊ दोन हजार पाठवा, संच घरपोंच येईल’ असें सांगत होता. सूनबाईंनीं “आम्ही येऊन पाहूं” म्हणतांच पलीकडून बोलणें बंद झालें. दुसरा संच वारज्यास होता. चित्र सुरेख; पण पाऊण तास चालल्यावर डाव्या कोपऱ्यांत सावली धरूं लागली. यजमान म्हणाले, “तो कार्यक्रमच तसा आहे.” सूनबाईंनीं पांढरें चित्र लावून दाखविण्यास सांगितलें; सावली तेथेंच राहिली. त्यांनीं चहाबद्दल आभार मानले आणि निरोप घेतला.

तिसरा संच दोन गल्ल्या सोडून एका नोकरी करणाऱ्या मुलीचा होता. ती बंगळूरला निघाली होती. संच सुरू करण्याआधींच ती म्हणाली, “काकू, याच्या दोन पोर्टांपैकीं एक चालत नाहीं. जाहिरातींत लिहिलं आहे, तरी पुन्हां सांगते.”

“सांगितलंस हें फार बरं केलंस, बाळ,” सूनबाई म्हणाल्या.

एक तासभर संच चालविला. मूळ बिल होतें, त्यावरचा क्रमांक संचामागील चिठ्ठीशीं जुळला. मागणी ११ हजारांची होती. ९,५०० स ठरलें, भिंतीवरची कैची त्यांतच आली. त्या रविवारच्या सामन्यास अण्णा शेवटपर्यंत दिवाणखान्यांत होते, आणि धावसंख्या तेच इतरांना सांगत होते.

परीक्षा कशी करावी

या हकीकतींतून जी पद्धति निघते, ती थोडी विस्तारानें सांगतों. संच पाहावयास घरांतील दोघांनीं आणि दिवसाउजेडीं जावें. बरोबर एक पेन ड्राइव्ह न्यावा. त्यांत फुल एच. डी. चित्रपटाचा एक तुकडा, आणि पांढरें, काळें, तांबडें, हिरवें व निळें अशीं पांच एकरंगी चित्रें घालून ठेवावीं. पांढऱ्या चित्रावर डाग, सावल्या आणि निळसर-जांभळी झांक दिसते. ही झांक म्हणजे मागील दिवे थकल्याची खूण होय. काळ्या चित्रावर, खोलीचे पडदे ओढून, कडेनें फुटणारा उजेड दिसतो. तीन रंगांवर मेलेले ठिपके आणि उभ्याआडव्या रेघा उघड्या पडतात. एक केंसासारखी रेघ दिसली तरी तो संच घेऊं नये. त्या रेघेच्या पुढें-मागें आणखी रेघा येण्याचा संभव फार असतो.

संच निदान एक तास चालवावा. थंड असतांना ठीक चालणारे पुष्कळ संच तापल्यावर अर्ध्या-पाऊण तासानें आपली व्यथा सांगतात. कोणी मिटतो, कोणाचें चित्र जाऊन नुसता आवाज राहतो. त्या तासांत प्रत्येक पोर्टांत तार घालून पाहावी, आवाज अगदीं बारीक व अगदीं मोठा करून ऐकावा, रिमोटचें प्रत्येक बटण दाबावें, आणि संच ‘स्मार्ट’ असल्यास वाय-फाय जोडून पाहावें. संचामागील चिठ्ठीवर मॉडेल, क्रमांक आणि बहुधा उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलें असतें. विकणारा ‘दोन वर्षांचा’ म्हणेल आणि चिठ्ठी सहा वर्षें सांगेल, तर चिठ्ठीवर विश्वास ठेवावा.

स्मार्ट संचाविषयीं दोन शब्द. त्याचें शरीर धडधाकट असलें तरी बुद्धि लवकर जुनी होते. चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्या कांहीं वर्षांनीं जुन्या संचांना आपली सेवा देणें थांबवितात. यासाठीं संच टाकून देण्याचें कारण नाहीं, एच. डी. एम. आय. मध्यें बसणारी छोटी कांडी घेतली कीं काम भागतें. मात्र त्या कांडीची किंमत वजा करूनच सौदा करावा. आणि संच घेतांना विकणाऱ्यानें आपलें खातें त्यांतून काढून संच मूळ स्थितींत आणून द्यावा. त्याचीं नांवें-पत्ते आपल्या घरांत येऊं नयेत, हें त्याच्या व आपल्या दोघांच्याहि हिताचें आहे.

प्लाझ्मा जातीचे संच कोठें कोठें अजून स्वस्तांत निघतात. चित्र मोहक असतें, पण वीज फार खातात. एखादा २५० वॉटचा प्लाझ्मा आणि ७० वॉटचा एल. ई. डी. रोज पांच तास चालविले, तर वर्षाला सुमारें ३२८ युनिटांचा फरक पडतो. युनिटला ८ रुपये धरल्यास तो २,६०० रुपयांवर जातो. खरेदींत वांचलेले पैसे अशा रीतीनें विजेच्या बिलावाटे निघून जातात.

संच आणतांना तो उभाच ठेवावा. पडदा खालीं करून आडवा कधींहि निजवूं नये. पातळ पडद्याला मध्यभागीं आधार नसतो, आणि रस्त्यावरच्या एका खड्ड्यानें सारा सौदा पाण्यांत जातो. पावसाळ्यांत आणलेला गार संच घरीं येतांच सुरू न करतां तासभर तसाच ठेवावा, म्हणजे आंत धरलेलें दंव सुकून जातें.

फसवणुकीचे दोन मार्ग

पहिला मार्ग वर आलाच : न पाहिलेल्या वस्तूसाठीं आगाऊ पैसे मागणें. त्यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. संच डोळ्यांनीं पाहिल्यावांचून व तासभर चालविल्यावांचून एक रुपयाहि देऊं नये, मग पलीकडचा मनुष्य सैनिक असो, डॉक्टर असो कीं आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी असो. सैन्याविषयीं आपल्या मनांत जो आदर आहे, त्याचा हे भामटे चलनासारखा उपयोग करतात.

दुसरा मार्ग विकणाऱ्यांना लुबाडण्याचा आहे, आणि त्यांत वृद्ध मंडळी अधिक सांपडतात. आपण आपला जुना संच विकावयास काढतों. कोणी घासाघीस न करतां सांगितलेली किंमत कबूल करतो, आणि ‘पैसे घेण्यासाठीं’ म्हणून एक क्यू-आर कोड पाठवितो. तो कोड उघडून गुप्त पिन घातला, कीं पैसे येण्याऐवजीं जातात. एप्रिल २०१६ मध्यें सुरू झालेल्या यू. पी. आय. पद्धतींत पैसे घेण्यासाठीं पिन घालावा लागत नाहीं. पिन हा केवळ देण्यासाठीं असतो. हें एक वाक्य घरांतील प्रत्येक आजी-आजोबांस पाठ करून ठेवावयास सांगावें. तथापि दुर्दैवानें पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनि करावा. तक्रार जितकी लवकर, तितका तो पैसा पुढें सरकण्याआधीं अडविला जाण्याचा संभव अधिक.

कागद आणि कायदा

दुकानांतून घेतलेल्या मालाबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दाद मागतां येते. परंतु शेजारच्या गल्लींतील गृहस्थ आपल्या घरचा एक संच विकतो, तेव्हां तो व्यापारी नसतो. तेथें १९३० चा मालविक्रीचा कायदा लागतो, आणि त्याचें सामान्य धोरण असें आहे कीं खरेदी करणारानें आपल्या डोळ्यांनीं पारखून घ्यावें. विकणाऱ्यानें जाणूनबुजून खोटें सांगितलें असेल तर गोष्ट वेगळी. पण तें सिद्ध करावयास कागद लागतो. याच कायद्याप्रमाणें, साधारणपणें, विकणाऱ्याची जितकी मालकी तितकीच घेणाऱ्यास मिळते. चोरीचा संच आपण पूर्ण पैसे देऊन घेतला, तरी तो आपला होत नाहीं. आणि चोरीचा आहे हें ठाऊक असून, किंवा तसें मानावयास जागा असून घेतला, तर तो भारतीय न्याय संहितेखालीं गुन्हाहि होतो.

म्हणून मूळ बिल मागण्यांत संकोच धरूं नये. बिल नसल्यास निदान एका कागदावर संचाचें नांव, मॉडेल, क्रमांक, ठरलेली किंमत, तारीख, सांगितलेले दोष आणि ‘हा संच माझ्या मालकीचा आहे’ एवढें लिहून दोघांनीं सह्या कराव्या. पैसे बँकेमार्फत द्यावे, म्हणजे त्याची नोंद राहते. चार ओळींच्या या कागदानें कोणाचाहि अपमान होत नाहीं. प्रामाणिक मनुष्य तो आनंदानें लिहून देतो. आणि जो देत नाहीं, त्याच्याविषयींचा निर्णय त्यानेंच आपल्यासाठीं सोपा केला असें समजावें.

बंद पडलेल्या संचाचें काय?

नवा आला कीं जुना कोठें टाकावा, हा प्रश्न उरतो. पुष्कळ घरांतून मोडका संच कामाला येणाऱ्या बाईंना ‘तुम्हांला होईल’ म्हणून देण्यांत येतो. चालता संच, तोहि त्यांना हवा असेल तर विचारून देणें, हें दान होय. बंद पडलेला संच देणें म्हणजे आपल्या घरची अडगळ त्यांच्या लहान घरांत नेऊन टाकणें होय. तो नेण्याचा टेंपो आणि दुरुस्तीचा खर्च त्या बिचारीच्या माथीं बसतो, आणि आपण मात्र पुण्य केल्याच्या समाधानांत असतों. काचेच्या नळीच्या जुन्या संचांत तर शिसें असतें. तो कचऱ्यांत अगर ओढ्याकांठीं टाकणें अत्यंत अनिष्ट आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत, आणि अशा वस्तु अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जाव्या अशी त्यांची अपेक्षा आहे. पुण्यांत कचरा-वेंचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते. तिच्याकडे चौकशी करावी.

घेणारा आणि देणारा

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वापरलेला संच घ्यावा कीं न घ्यावा? ज्या घरीं परीक्षा करण्यास एक मोकळा तास, हिशेब करण्यास एक वही, आणि न पटल्यास परत फिरण्याचा निश्चय आहे, त्यांनीं खुशाल घ्यावा. ज्यांना हमीवांचून स्वस्थता वाटत नाहीं, किंवा संच बिघडल्यास धांवपळ करावयास घरांत कोणी नाहीं, त्यांनीं लहानसा कां होईना, नवाच घ्यावा. त्यांत दुसऱ्यापेक्षां कोणी अधिक शहाणा किंवा अधिक प्रतिष्ठित ठरत नाहीं.

परंतु आज आपण घेणारे आहों, तसे उद्यां विकणारेहि होऊं, याचा विसर पडूं नये. आपल्या संचाचा एक कोपरा काळवंडलेला असेल, तर तो जाहिरातींत लिहावा आणि किंमत हजारभर कमी सांगावी. वर सांगितलेल्या मुलीनें बंद पडलेलें पोर्ट आपण होऊन दाखविलें, आणि त्या एका वाक्यामुळें पुढची सारी घासाघीस सलोख्याची झाली. छोट्या जाहिरातींचा हा बाजार कोणा दुकानदाराच्या पाटीवर चालत नाहीं. तो एकमेकांस न ओळखणाऱ्या शेजाऱ्यांच्या शब्दावर चालतो. तो शब्द आपल्यापुरता तरी खरा ठेवावा, आणि मुलांनाहि सौद्याच्या वेळीं बरोबर न्यावें. नफातोट्याचें गणित त्यांना शाळा शिकवील. खरें बोलून विकावें कसें आणि न भांडतां नाहीं म्हणावें कसें, हें मात्र त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहूनच कळेल.